ग्रंथपालाचा अधिकार

आपल्या जुन्या परंपरेतील शास्त्रग्रंथांच्या आरंभी बहुधा चार गोष्टींचा खुलासा केलेला असे. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा व विषयाचा संबंध कसा, आणि तो शिकण्याचा अधिकारी कोण. या चौकडीस अनुबंधचतुष्टय असे नाव आहे. तीतील 'अधिकारी' हा शब्द पुढे दोन वाटांनी भरकटला. एका वाटेने तो कचेरीत जाऊन बसला व हुकूम सोडणारा असा त्याचा अर्थ रूढ झाला. दुसऱ्या वाटेने तो जातिकुळाच्या कुंपणात अडकला, आणि अमक्या घरी जन्मला तोच अक्षराचा धनी असे ठरून गेले. या दोन्ही अर्थांपासून सोडवून आज घेण्याजोगा असा त्या शब्दाचा एकच अर्थ उरतो. हाती घ्यावयाच्या कामास ज्याची तयारी झाली आहे, तो त्या कामाचा अधिकारी.

ग्रंथपालाच्या पेशासंबंधी हल्ली जे प्रश्न विचारले जातात ते वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचे दिसतात. कोणती परीक्षा द्यावी लागते, जागा कोठे निघतात, पगार किती मिळतो, मुलाने वा मुलीने या वाटेस जावे काय? घरोघरी आईबाप हे प्रश्न विचारतात आणि ते विचारणे योग्यच आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी अधिकाराचा प्रश्न आहे, आणि तो नीतीच्या प्रांतातला आहे. समाजाने एखाद्या कामास पात्रतेची अट घातली म्हणजे तिच्याबरोबर समाजावरही काही बंधन येते काय, असा तो प्रश्न होय.

या बाबतीत दोन पक्ष ऐकू येतात. पहिला पक्ष म्हणतो, ग्रंथपालास शिकावयाचे असे काही नसतेच. कपाटाची किल्ली जवळ असावी, वहीत नोंद करता यावी, वर्गणीदाराने मागितलेले पुस्तक काढून द्यावे आणि परत आले की जागच्या जागी ठेवावे. एवढ्याला पदवी ती कशाला? पुस्तकांची आवड असली म्हणजे झाले. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याच्यापाशी विद्यापीठाचा कागद नाही त्याने या खुर्चीकडे पाहूही नये. पहिला पक्ष कामाला हलके लेखतो, तर दुसरा कागदाला कामापेक्षा जड मानतो. आम्ही या वादाचा विचार मोठ्या शहरातील ग्रंथालयाच्या पायरीवरून न करता पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावावरून करू इच्छितो. शहरातील वाचकाची एका ठिकाणी निराशा झाली तर त्यास दुसरे दार असते. पाबळसारख्या गावी जे एक दार असेल तेवढेच असते, आणि म्हणून त्या दाराशी कोण बसतो यावर वाचकाचे सारे भवितव्य अवलंबून राहते. शिवाय पात्रतेच्या प्रश्नास या गावाने स्वतःचे असे एक उत्तरही देऊन ठेवले आहे. ते यथास्थळी येईलच.

पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे. थोरल्या बाजीरावाने तिला दिलेल्या इनामगावांत या गावाची गणना होते. १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला आणि त्यानंतर थोड्याच काळात तिचाही अंत झाला. तो कसा झाला याविषयी एकवाक्यता नाही. २०१५ साली या दोघांवर हिंदी चित्रपट निघाल्यावर ही कथा ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. आता अशी कल्पना करा की, गावातील शाळेत जाणारी एखादी मुलगी ग्रंथालयात येऊन विचारते, 'मस्तानी खरोखर कोण होती? मला शाळेत तिच्यावर बोलावयाचे आहे.' पुस्तकांची नुसती आवड असलेला भला माणूस कपाटातून ना. सं. इनामदारांची 'राऊ' काढून तिच्या हाती ठेवील. कादंबरी रसाळ आहे; मुलगी ती आवडीने वाचील, आणि तीतील संवाद घडलेला इतिहास म्हणून वर्गात सांगेल. जाणता ग्रंथपालही 'राऊ' देईल. परंतु तिच्या जोडीला गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'चा त्या काळावरील भाग देईल, आणि मुलीची जिज्ञासा खोल आहे असे दिसले तर तिला सांगेल की, पेशवे दप्तरातून निवडलेले कागद सरदेसायांच्याच संपादकत्वाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले आहेत. ते येथे नसले तरी पुण्यास पाहता येतील. ही कादंबरी, हा इतिहास आणि हे अस्सल कागद, असा तीन पायऱ्यांचा भेद त्या मुलीस त्या दिवशी कळला तर तो तिला जन्मभर पुरेल. तो दाखविण्यास आवड पुरत नाही, त्यास शिक्षण लागते.

हेच वर्गीकरणासंबंधी म्हणता येईल. शेतकऱ्यास कांदाचाळीविषयी पुस्तक हवे आहे. ते शेतीच्या कपाटात ठेवावयाचे, बांधकामाच्या, की व्यापाराच्या? मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा वर्ग पाडून प्रत्येक पुस्तकास दशांश पद्धतीने अंक देण्याची योजना काढली. आपल्याकडे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली तिच्याहून निराळी द्विबिंदू पद्धती प्रसिद्ध केली. तीत विषयाचे पैलू सुटे करून मग ते ठराविक क्रमाने जोडतात. पीक कांदा, क्रिया साठवण, स्थळ अमुक, काळ तमुक, असा तो क्रम बसतो आणि त्यावरून पुस्तकाचे स्थान निश्चित होते. हे सारे कोरड्या कारकुनीसारखे भासेल. परंतु पाच हजार पुस्तकांत चुकीच्या जागी गेलेले पुस्तक आणि चोरीस गेलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काय अंतर आहे? ज्याला त्याची निकड होती तो रिकाम्या हाताने परत जातो आणि अशा दोन-तीन खेपांनंतर यावयाचाच थांबतो. वाचकाचा वेळ वाचविणे हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एका सूत्राचा विषय आहे तो याच कारणाने. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाचा वेळ हीच त्याची संपत्ती असते.

तेव्हा पहिला पक्ष आमच्या मते टिकत नाही. तथापि तो निर्माण का झाला हे समजून घेणे न्यायाचे होईल. महाराष्ट्रातील वाचनालये मुळात हौसेने व लोकहिताच्या कळकळीने निघाली. रत्नागिरीचे १८२८ साली, नाशिकचे १८४० साली, पुण्याचे १८४८ साली. पुढे १८९३ साली ठाण्यास व १८९८ साली मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. ती काढणाऱ्यांपैकी कोणी ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिलेली नव्हती, कारण अशी परीक्षाच या देशात नव्हती. ड्यूईची या विषयाची शाळा न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात १८८७ साली निघाली. आपल्याकडे पहिला वर्ग उघडण्याचा मान बडोद्याकडे जातो. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बोलावून घेतले आणि पुढल्याच वर्षी शिकवणीचा वर्ग सुरू झाला. मद्रासेस ग्रंथालय संघाने १९२९ पासून असा वर्ग चालविला. मुंबई विद्यापीठाची पदविका १९४० नंतरच्या दशकातली आणि पुणे विद्यापीठाची १९५० नंतरची. म्हणजे हौसेच्या ग्रंथालयांचे वय शंभर वर्षांचे झाल्यावर आपल्या विद्यापीठांत हा अभ्यास आला.

या हौसेने केलेल्या कामाची थोरवी कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि १९५० पर्यंतची पुढील सूची १९६१ साली. मराठी ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यास त्या दोन खंडांवाचून आजही पाऊल टाकता येत नाही. परंतु त्यांचे काम टिकले ते केवळ प्रेमामुळे काय? हजारो पुस्तकांवर प्रेम करणारे पुष्कळ असतात. प्रत्येक पुस्तकाची नोंद एकाच शिस्तीने, कंटाळा न करता, शेवटपर्यंत करणारे थोडे असतात. शास्त्र म्हणतात ते या शिस्तीलाच. ती कोणी विद्यापीठात शिकतो, कोणी स्वतःच्या कष्टाने मिळवितो. पण तिच्याशिवाय अधिकार येत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. कागदाची टवाळी करणे फार सोपे आहे, आणि सुशिक्षित घरांतून ती विशेष होते. कारण ज्यांच्या घरी कागदांची ददात नाही त्यांना त्याची किंमत वाटत नाही. परीक्षा येण्यापूर्वी नेमणुका कशाने होत होत्या याचा विचार करावा. ओळखीने, शिफारशीने, आणि बोलून न दाखविता जातीने. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, क्रमांक असतो. ज्यांच्या पूर्वजांस शतकानुशतके अक्षराचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्या घरचा मुलगा ग्रंथालयाच्या किल्ल्या मागू लागला तेव्हा त्याला 'तू कोण?' असे विचारण्याचा मार्ग या क्रमांकाने बंद केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला 'राजगृह' बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाच्या सोयीची दृष्टी ठेवून. ज्ञानाच्या दाराशी उभे राहण्याचे मोल ज्यांना ठाऊक होते त्यांनी परीक्षा व पदव्या तुच्छ मानल्या नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या कुलुपाने आपणांस बाहेर ठेवले त्याची किल्ली कोणत्याही जन्माच्या माणसाला श्रमाने मिळू शकते, हा पात्रतेच्या अटीचा न्याय्य भाग होय.

परंतु येथेच अडचणीला आरंभ होतो. कागद हा ज्ञानाचा साक्षीदार आहे, ज्ञान नव्हे. साक्षीदार खरा असेल तर त्याचा उपयोग, एरवी न्यायाला त्याच्यामुळे धोकाच अधिक. रंगनाथन यांचीच गोष्ट पाहा. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांस आपले पहिले ग्रंथपाल नेमले तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते. ग्रंथालयशास्त्राचा कोणताही कागद त्यांच्याजवळ नव्हता. मुलाखतीपूर्वी एका ज्ञानकोशातील ग्रंथालयांवरील लेख वाचला एवढीच त्यांची तयारी, असे सांगतात. नेमणूक झाल्यावर ते एकान्ताला इतके कंटाळले की, पुन्हा शिकविण्याच्या जागी पाठवा म्हणून त्यांनी मागणी केली. पुढे विद्यापीठाने त्यांना लंडनला धाडले. तेथे युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्यासारखा शिक्षक लाभला, इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली, आणि १९२५ साली ते परतले ते या कामाचेच होऊन. आजच्या जाहिरातीतील अटी त्या वेळी लागू असत्या तर या देशातील ग्रंथालयशास्त्राचा प्रवर्तक अर्जाच्या छाननीतच बाद झाला असता.

यावरून कित्येक असा निष्कर्ष काढतील की, कागद व्यर्थ आहे. आम्हांस तो मान्य नाही. रंगनाथन कागदावाचून नेमले गेले हे खरे. पण ते शिकल्यावाचून राहिले नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. आणि त्यांना शिकविण्याचा भार कोणी उचलला? ज्या संस्थेने नेमले तिनेच. शिकलेला मनुष्य हवा असेल तर त्याला शिकविण्याची सोयही नेमणाऱ्याने पाहावी, असा धडा या प्रसंगात आहे, आणि नेमका तोच आज विसरला जातो.

पाबळचे उत्तर असे की, पात्रता हाताने सिद्ध व्हावी. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील विद्यापीठाचे डॉक्टर आणि हिंदुस्थान लिव्हर या कंपनीत संशोधन केलेले शास्त्रज्ञ. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने त्यांनी १९८३ साली या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेने ज्यांना नापास म्हणून परत पाठविले अशी मुले तेथे येऊ लागली. वेल्डिंग, गवंडीकाम, वीजजोडणी, माती-परीक्षण, शेती, कोंबडीपालन ही कामे ती करता करता शिकत, आणि गावातील लोकांची खरी कामे करून देत. ग्राहकाने पैसे देऊन नेलेले फाटक ही त्या मुलांची उत्तरपत्रिका. ते नीट बसले नाही तर गुण देणारा परीक्षक गावातच राहत असे. २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' नावाची आधुनिक कार्यशाळा उभी राहिली, आणि ती या जातीच्या कार्यशाळांपैकी अगदी आरंभीच्या काळातली होय. २००३ साली कलबाग निवर्तले, पण आश्रम चालू राहिला.

या आश्रमाविषयी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या शिक्षणपद्धतीचा पायाच कागदावरील अविश्वास हा आहे, तिनेही मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका चालविली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता तिला मिळविली. हा विसंगतपणा नव्हे. पाबळचा मुलगा पाबळातच राहील तर त्याचे काम सर्वांनी पाहिलेले असते. तो चाकणच्या कारखान्याच्या फाटकाशी गेला की त्याला ओळखणारे कोणी नसते. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून कागदाची आवश्यकता आहे. मात्र तो कागद केलेल्या कामाचा असावा. ग्रंथपालाच्या शिक्षणासही हीच कसोटी लावावयास हवी. ज्याने पन्नास पुस्तकांचे वर्गीकरण स्वतः केले नाही, एका अडलेल्या वाचकाचा प्रश्न शेवटास नेला नाही, वाळवीने खाल्लेले एक पान वाचविले नाही, त्याच्या हाती वर्गीकरणाची सूत्रे पाठ म्हटल्याबद्दल दिलेला कागद खोटी साक्ष देतो. अशा कागदधाऱ्यापेक्षा पहिल्या पक्षाचा हौशी मनुष्य पत्करला.

येथवर पात्रता मागणाऱ्याची बाजू झाली. ती देणाऱ्याच्या पदरात काय पडते हे आता पाहावयाचे. आजची शिडी साधारण अशी आहे. दहावी झालेल्यांसाठी काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाची ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी. तीनंतर पदव्युत्तर पदवी. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हावयाचे तर ही पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी मिळविलेली असावी लागते आणि सामान्यतः तीवर नेट किंवा सेट ही पात्रता-परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांस १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वाट करून दिली, ही मोठीच सोय झाली. विद्यापीठे, संशोधनसंस्था, न्यायालये, मोठ्या कंपन्या येथे या शास्त्राचा जाणता मनुष्य प्रतिष्ठेने राहू शकतो. हस्तलिखितांचे जतन, जुन्या ग्रंथांची संगणकीय प्रत करणे, शास्त्रीय नियतकालिकांची व्यवस्था पाहणे ही नवी कामेही त्याच्याकडे आली आहेत. तेव्हा शहरापुरता आईबापांच्या प्रश्नास आम्ही आशादायक उत्तर देऊ.

परंतु पाबळसारख्या गावाचे काय? मुंबई सरकारने १९३९ साली आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, आणि राज्याच्या शिखरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी असावी अशी योजना त्या समितीने आखली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यान्वये बहुतेक ग्रंथालये सरकार स्वतः चालवीत नाही. लोकांनी संस्था काढावी व सरकारने तिला वर्गवारीने अनुदान द्यावे अशी रीत पडली. अशा मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक झाली, आणि त्यांत खालच्या 'क' व 'ड' वर्गांतील फार. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. यातील निम्मी रक्कम वेतनाकडे गेली असे धरले तर महिन्यास २,००० रुपये पडतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज व जागा. शेतावरील मजुरास आठवड्यात जे मिळते तितक्यात महिनाभर ग्रंथपालाने वर्गीकरण करावे, सूची ठेवावी, मुलीस कादंबरी व इतिहास यांतील भेद समजावून द्यावा, अशी ही अपेक्षा आहे. शाळांतूनही पटसंख्येच्या ठराविक मर्यादेखाली ग्रंथपाल अर्धवेळ असतो. पुस्तकाची गरज मात्र मुलास अर्धवेळ लागत नाही.

याचे समर्थन करताना एक सुंदर शब्द वापरला जातो. तो शब्द म्हणजे सेवा. ग्रंथालय ही सेवा आहे, तेथे पैशाची भाषा कशाला, रत्नागिरी-पुण्याच्या संस्थापकांनी काय पगार घेतला होता, असे विचारतात. या युक्तिवादात एक गफलत आहे. ज्याने आपल्या पोटाची सोय दुसरीकडे लावून सायंकाळचे दोन तास दिले त्याने दान केले. त्याला आमचे वंदन असो. पण दान हे देणाऱ्याचे असते. दुसऱ्याच्या पोटातून काढून त्याच्याच नावावर मांडलेल्या रकमेला दान म्हणता येत नाही. शिवाय दानाला पात्रतेची अट घालता येत नाही. फुकट गाणाऱ्यास आपण 'तुझी परीक्षा कोणती?' असे विचारीत नाही. परीक्षा विचारली त्या क्षणी आपण त्याला यजमानाच्या नात्याने बोलाविले, आणि मग बिदागी न देता परत पाठविणे ही अप्रामाणिकता झाली.

आमचे मुख्य प्रतिपादन ते हेच. पात्रतेची अट हा एकतर्फी हुकूम नाही. तो दोन बाजूंचा करार आहे. अमुक वर्षे शीक, अमुक परीक्षा दे, असे समाज तरुणास सांगतो, तेव्हा 'तसे केलेस तर त्या विद्येवर तुला मानाने जगता येईल' हे वाक्य त्याने न उच्चारताही दिलेले असते. हे वचन पाळावयाचे नसेल तर अट घालण्याचा नैतिक हक्क समाजास उरत नाही. आणि याचा परिणाम शेवटी कोणाला भोगावा लागतो? शिकलेला मनुष्य शहरात जातो, त्याचे चालते. ज्याला कोठेच जाता आले नाही असा कोणीतरी गावच्या खुर्चीवर बसतो, त्याचेही दिवस निघतात. नुकसान होते ते त्या मुलीचे व त्या शेतकऱ्याचे, ज्यांनी करार केलाही नव्हता आणि मोडलाही नव्हता.

करार दुहेरी आहे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचे देणेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याला पुरेसे वेतन मिळते त्या ग्रंथपालास आपली पदवी पुस्तकांवर पहारा ठेवण्यासाठी मिळाली आहे असे वाटत असेल तर त्याने करार मोडलाच. कपाटांना कुलपे लावून 'एकही प्रत गहाळ झाली नाही' असा अहवाल लिहिणारे ग्रंथपाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुस्तके वापरासाठी आहेत हे रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतले पहिले. ते विसरून पुढली चार पाठ करण्यात अर्थ नाही. तसेच, स्वतःला न पटणाऱ्या मताचे पुस्तकही संग्रहात घेणे, कोण काय वाचतो हे चावडीवर न सांगणे, लहानाच्या व गरिबाच्या प्रश्नास मोठ्याच्या प्रश्नाइतकाच वेळ देणे, या गोष्टी कोणत्याही परीक्षेत गुण देऊन तपासता येत नाहीत. तरी अधिकाराचा अर्धा भाग त्यांतच आहे.

कोणी म्हणेल, आता हातातील यंत्रावर क्षणात सर्व काही सापडते. मग ग्रंथपाल तरी कशाला? यावर आमचे म्हणणे असे की, सापडणे सुलभ झाल्याने निवडणे अधिक कठीण झाले आहे. मस्तानीविषयी त्या यंत्रावर कादंबरी, चित्रपट, दंतकथा व इतिहास एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्यांतील कोण कोणत्या पंक्तीचा हे यंत्र खात्रीने सांगत नाही. पूर्वी एक पुस्तक मिळत नाही म्हणून वाचक अडत असे. आता शंभर मिळतात म्हणून अडतो. दोन्ही प्रसंगी त्याच्या शेजारी जाणता मनुष्य असणे हाच उपाय आहे.

म्हणून ज्यांच्या घरी मुलगा वा मुलगी हा पेशा पत्करण्याच्या विचारात असेल त्यांस आमची विनंती आहे की, दुसरे काही जमले नाही म्हणून ही वाट धरू देऊ नये. दुसऱ्याच्या प्रश्नात ज्याचे मन रमते, आणि तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी जो त्रासत नाही, त्यानेच ती धरावी. शिकताना हाताने काम करावयास मिळते की नाही हे आधी पाहावे. आणि ज्या वाचकांच्या घरात या पेशाचा विचारही नाही, त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेस एकदा जाऊन बसावे. जमाखर्चाचा कागद मागून घ्यावा, आणि ग्रंथपालाच्या वेतनाचा आकडा वाचावा. त्याच्याकडून आपण काय काय अपेक्षिले आहे ते त्या आकड्याशेजारी मांडून पाहावे, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर तो प्रश्न त्याच सभेत उभे राहून विचारावा.